हात पोचला तिथवर

ताकाच्या उभट भांड्याला गंज म्हणतात आणि लोखंडावर चढतो त्यालाही गंजच म्हणतात. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना या एका शब्दावर मी वर्गात किती वेळा हशा मिळवला असेल, गणती नाही. मार्चमध्ये चार दिवस सोलापूरला जाऊन आले, तेव्हापासून नाशकातले शेजारी विचारतायत, काय काय पाहिलंत? तलाव पाहिला का, किल्ला पाहिला का, चादरी किती आणल्या? मी एक पितळी गंज पाहिला. बाकी जे दिसलं ते त्याच्या वाटेवर होतं म्हणून दिसलं. चादर आणायची तर राहूनच गेली.

बुधवार, सोलापूर

मामीचा फोन आला होता. "सुनी, भांडी मोडीत काढायलेय मी. माळ्यावर नुसती पडल्यात. तुज्या आजीचं काय पायजे असंल तर यिऊन घिऊन जा की." मामाला जाऊन दोन वर्षं झाली. तो कचेरीत कारकून होता, निवृत्तीच्या पैशांतून शहराच्या पूर्वेला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मूलबाळ नाही. आता तिथे मामी एकटी असते. तिचं वय सत्तरीच्या पुढे.

नाशिकचं ऊन सावलीत गेलं की आपल्याला सोडतं. सोलापूरचं सोडत नाही. स्टेशनाबाहेर रिक्षात बसले तर सीट तव्यासारखी तापलेली. रिक्षावाला हसून म्हणाला, "मॅडम, थोडा उठ के बैठो, टावेल डालता हूं." त्याच्या टॉवेलवर बसून मी मामीच्या दारात उतरले.

"आलीस व्हय? उन्हाची आलीस बघ. पाय धू आदी." मामी तशीच बारीक, ताठ. पलीकडच्या विणकरांच्या घरातून तेलुगूत जोरजोरात काहीतरी चाललं होतं. मी विचारलं, भांडण आहे का? मामी म्हणाली, "न्हाय गं, जावई आलाय." ती स्वतः जेवून बसली होती. मला ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीत दही. आमच्याकडे भाकरी कडक झाली की सुनेला ऐकून घ्यावं लागतं, इथे मुद्दाम पापडासारखी वाळवून डब्यात भरून ठेवतात आणि पाहुण्याला कौतुकाने देतात. मी मोठ्या ऐटीत चटणीचा बकाणा भरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मामी हसली. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण मी भांडी न्यायला आलेच नव्हते. मी तिला एक गोष्ट सांगायला आले होते, आणि ती सांगायला मला बावन्न वर्षं उशीर झाला होता.

ती गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जी त्रेधा उडाली ती का, हे कळेल.

मी आठ वर्षांची होते. मे महिन्यात आईबरोबर आजोळी सोलापूरला आले होते. मामाचं लग्न नुकतंच झालेलं. मामी एकोणीस वर्षांची, दुधनीची, घरात कानडी बोलणारी. मराठी बोलताना अडखळायची आणि सगळे हसायचे. मी हसायचे नाही, कारण मला ती फार आवडायची. एकदा मी चिंच लावून तांबे घासले, तर तिने ते उन्हात धरून पाहिले आणि म्हणाली, "सोनं केलंस की गं!" झालं. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं दुपारची आडवी झाल्यावर मी ताकाचा गंज घेऊन न्हाणीघरात बसले. बाहेरून तो पिवळाधमक होता, आतून मात्र मळकट पांढरा. मला वाटलं, आतून कुणी घासतच नाही. चिंच आणि विटेची भुकटी घेऊन दोन दुपारी मी तो आतून घासला, आतही सोनं दिसेपर्यंत. मामीला चकित करायचं होतं.

तो मळकट पांढरा रंग म्हणजे कल्हई. पितळेला आतून कथलाचा पातळ थर देतात तो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं संमिश्र. आंबट पदार्थ त्याला थेट लागला की तांबं त्यात उतरतं आणि पदार्थ कळकतो. चव बिघडते, हिरवट झाक येते, पोटात गेला तर माणूस ओकून बेजार होतो. कळकणं हा शब्द आता नव्या मुलांना सांगावा लागतो, त्या वेळी घराघरात होता. दुसऱ्या संध्याकाळी मामीने त्या गंजात ताक ओतून ठेवलं. सकाळी त्याची कढी झाली, आजोबांनी नेहमीप्रमाणे दोन भांडी ताक वर घेतलं. दुपारपर्यंत निम्मं घर आडवं झालं. बाकीचे एक-दोन दिवसांत उठले. आजोबा तिसऱ्या दिवशी गेले.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, ऊन होतं. घरात मात्र दुसराच निकाल लागला. नव्या सुनेने कल्हई नसलेल्या गंजात ताक ठेवलं, तिला भांड्याची पारख नाही. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. मला काहीच कळलं नव्हतं. कळलं अकरावीत. प्रयोगशाळेत आमच्या बाईंनी तांब्याच्या पट्टीवर कथील चढवून दाखवलं, आणि हा थर का द्यायचा ते सांगितलं. माझ्या हातातली परीक्षानळी गळून फुटली. बाईंना वाटलं मी भाजले. त्या दिवसापासून मी गप्प होते. आठव्या वर्षी जे केलं त्याबद्दल मी स्वतःला कधीच माफ करून टाकलंय. सोळाव्या वर्षानंतरच्या गप्प बसण्याबद्दल मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी मामीने माळ्यावरची पोती खाली घ्यायला लावली. स्वयंपाकघरात तिच्याकडे सगळं स्टील आणि जर्मल. ॲल्युमिनियमला आमच्या आजोळी जर्मल म्हणतात. पितळेचा एक चमचाही मांडणीवर नव्हता. पोत्यांतून मात्र घागरी, पराती, तपेली निघत गेली, काळवंडलेली. प्रत्येक भांडं ती खिडकीशी न्यायची, आत डोकावून पाहायची, मग बाजूला ठेवायची. मोडीत द्यायच्या भांड्यात काय पाहायचं असतं, मला कळेना. शेवटच्या पोत्यातून तो गंज निघाला. हिरवाकाळा, तोंडाशी जरा आवळलेला, चांगला हातभर खोल. मला वाटलं होतं तो तेव्हाच मोडीत गेला असेल. त्या दिवसापासून तो कुणी वापरलाच नव्हता.

"ह्ये असंच न्हाय द्यायचं," मामी म्हणाली. "ह्याला कल्हई करायची, मग मोडीत."

"मामी, अगं ते वितळवणारच आहेत. कथील फुकट जाईल."

"जाऊ दे फुकट. उगडं भांडं माज्या दारातनं जायचं न्हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, उद्या.

गुरुवार, अक्कलकोट

सोलापुरात कल्हई करणारं कुणी सापडेना. भांड्यांच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "आजी, आता कोन करतंय? नॉनस्टिक घ्या." नाशिकलाही हीच गत. तांबटांची एवढी आळी, पण कल्हईसाठी भांडं घेऊन फिरावं लागतं. शेवटी मामीलाच आठवलं की तिच्या माहेरी, दुधनीला, मौलासाब नावाचा एक कल्हईवाला आहे. त्याचा बाप तिच्या बापाच्या घरी यायचा. मग आम्ही दोघी आणि गंज, असे तिघे बसमध्ये चढलो.

कंडक्टरने गंजाकडे पाहिलं. "आजी, आत काय हाय?"

"काय न्हाय. रिकामा हाय."

"मग मांडीवर घ्या की. त्याला शीट न्हाय."

अक्कलकोटला बस बदलायची होती. दर्शनाला आलेली माणसं, फुलांचे हार, उसाच्या रसाची गाडी, आणि कानावर मराठी नि कानडी एकमेकांत मिसळलेली. एकाच वाक्यात माणूस इकडून तिकडे जातो आणि त्याला पत्ताही नसतो. मामी रसवाल्याशी कानडीत बोलायला लागली आणि मी बघतच राहिले. तिचा आवाज मोठा झाला, हात हलायला लागले. त्याने बर्फ टाकायला घेतला तशी ती म्हणाली, "ब्याड, ब्याड!" आणि काहीतरी जोडून त्याला हसवलंही. मराठीत मी तिला कुणाला हसवताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात ती पन्नास वर्षं मोजूनमापून बोलली. अडखळण्यामुळे, असं मी समजत होते.

रसाचा पेला हातात घेऊन मी सुरुवात केली. "मामी, हा गंज..."

"नीट धर गं. पोचा यील."

मी नीट धरला. पोरांना मी एक गोष्ट शिकवायचे, ती त्या स्टँडवर आठवली. कथील आवर्तसारणीत कार्बनच्या घराण्यातलं. त्या घराण्यात सगळ्यात वर कार्बन, तो धातू नाही. मग सिलिकॉन आणि जर्मेनियम, धड ना इकडचे ना तिकडचे. त्याखाली कथील, त्याखाली शिसं, हे पक्के धातू. जसजसं खाली जावं तसतसा धातुगुण वाढतो. धातुगुण म्हणजे काय, तर आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन किती सहज देऊन टाकता येतो, तेवढंच. कथील मुकाट्याने पुढे उभं राहतं म्हणून आतलं पितळ वाचतं, असंही मी सांगायचे, आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. मला स्वतःला एक वाक्य देऊन टाकता येत नव्हतं. बस आली आणि आम्ही चढलो.

गुरुवार, दुधनी

दुधनी म्हणजे तुरीचा आणि धान्याचा व्यापार, हमाल, ट्रक, आणि रस्त्यावर सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं. कर्नाटकाची हद्द इथून जवळच. मौलासाब बाजारामागे लिंबाखाली बसलेला सापडला. साठीचा माणूस, भुवया धुराने पिंगट झालेल्या. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, चामड्याच्या भात्याऐवजी विजेवरचा छोटा पंखा, शेजारी नवसागराचा डबा, कथलाची काडी आणि कापसाचा बोळा. मामीने बापाचं नाव सांगितलं तशी तो उठून उभा राहिला. पाण्याचा तांब्या पुढे केला. दोघं कानडीत बोलत राहिली. कोण गेलं, कोण उरलं याची चौकशी चालली असावी, एवढं मला चेहऱ्यांवरून कळलं.

कल्हई चढवायच्या आधी भांडं आतून लखलखीत करावं लागतं. एरवी हे पायाने करतात, भांड्यात उभं राहून गोल गोल फिरत. गंजाचं तोंड लहान, म्हणून त्याने काठीला फडकं बांधलं, आम्लाचं पाणी घालून पन्नास वर्षांची काळोखी धुतली, धुऊन गंज उन्हात कलता धरला आणि आत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. बोटाने आतल्या कडेवर काहीतरी चाचपलं. मामीला म्हणाला, "अक्का, ह्ये वापरून गेल्याली कल्हई न्हाय."

"म्हंजी?"

"वापरून जाती ती तळातनं जाती. पळी घासती, रवी घासती, तळ आदी उगडा पडतो. हितं बगा, तळात कथील हाय तसं हाय. वरचंच गेलंय. कुनीतरी घासून काडलंय. ह्ये बगा रेगा." त्याने गंज तिच्याकडे वळवला. आत विटेच्या भुकटीचे बारीक ओरखडे गोल गोल फिरलेले दिसत होते. काठापासून खाली पाऊण उंचीपर्यंत पिवळं, आणि तिथून खाली पांढरं. मध्ये वेडीवाकडी रेघ. तो हसत हसत कानडीत काहीतरी म्हणाला, "सण्ण हुडुगर कै री, सण्ण कै."

मला कानडी येत नाही. मी मामीकडे पाहिलं. ती गंजाच्या आत बघत होती. बघता बघता तिने मला त्याचं मराठी करून सांगितलं, पाहुणीला सांगावं तसं.

"ल्हान पोराचा हात, म्हनतोय. ल्हान हात. पोचला तिथवरच घासलंय, म्हनतोय."

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच, तळापर्यंत माझा हात पोचत नव्हता. खांद्यापर्यंत आत घालूनही तळाला जोर लागेना, तेव्हा मी म्हटलं होतं, तळ कोण बघतंय.

"मामी," मी म्हणाले, "तो हात माझा."

मौलासाबने पंखा बंद केला. मामीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा म्हणेल की लहान होतीस गं तू. तिने फक्त विचारलं, "कशानं घासलंस?"

"चिंच. आणि विटेची भुकटी."

"एका दिवसात?"

"दोन दुपारी. तुला दाखवायचं होतं मला. तू तांब्यांना सोनं म्हणाली होतीस म्हणून."

ती मौलासाबकडे वळून म्हणाली, "कल्हई ब्याड." ब्याड म्हणजे नको, एवढं मला रसाच्या गाडीवर कळलं होतं. तो म्हणाला, भट्टी पेटलीय, आलात एवढ्या लांबून. ती पुन्हा म्हणाली, "ब्याड री." त्याने गंज कोरडा पुसून तिच्या हातात दिला. परतीच्या दोन्ही बसमध्ये तो तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. मी दोनदा हात पुढे केला, तिने दिला नाही.

शुक्रवार, पुन्हा सोलापूर

सकाळी मोडवाला आला. बाकीची सगळी भांडी तिने न बघता देऊन टाकली, खिडकीशी नेलीच नाहीत. गंज तेवढा राहिला. तो तिने फरशीवर उन्हाच्या पट्ट्यात ठेवला, आणि त्याच्याजवळ पाय पसरून बसली. मीही बसले.

"मी बघितलं हुतं," ती म्हणाली. "वीज गेल्याली. चिमणी हातात धरून वरनं आत बघितलं. तळ पांडरा दिसला. म्हनून वतलं. मी सासूबाईस्नी सांगितलं, मी बघितलं हुतं. त्या म्हनल्या, खोटं बोलतीस. तुजी आई बी म्हनली."

माझ्या आईचं नाव येणार हे मला माहीत होतं. तरी ऐकवेना.

"आदी मी लई भांडले. माज्या लग्नाच्या येळंलाच कल्हई झाल्याली, दोन म्हयन्यांत कशी जाईल? मग सगळे तेच तेच म्हनायला लागल्यावर मलाच वाटाय लागलं, आपन बघितलंच न्हाय. बघितल्यासारकं वाटतंय नुसतं. मग मला माज्या डोळ्यांचा भरवसाच न्हाय राहिला, सुनी. दाराला कडी लावली का, ग्यास बंद केला का, धा-धा डाव उटून बघायची. अजून बघती."

"मला अकरावीत कळलं मामी," मी म्हणाले. ठरवलंच होतं की काही लपवायचं नाही. "धीर झाला नाही."

"कुनाचा धीर?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बोलनी मला बसत हुती. तुला काय झालं असतं? आट वर्साच्या पोरीला कोन काय करतंय? एक पत्र टाकायचं हुतंस."

खरं होतं. मी रडायला लागले, तर तिने मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही आणि उठूनही गेली नाही.

बऱ्याच वेळाने तिने गंजात हात घातला आणि त्या वेड्यावाकड्या रेघेवरून बोट फिरवलं. "आता हे दावू कुनाला?" ती म्हणाली. "सासूबाई गेल्या. तुजी आई गेली. हेबी गेले."

मला मामाचा आधार वाटला. म्हणाले, "मामाने तरी तुला कधी दोष दिला नसणार." आमच्या सगळ्या गोतावळ्यात मामाचं एक कौतुक होतं. मामीने पहिला घास घेतल्याशिवाय तो जेवायला सुरुवात करायचा नाही. ताट वाढलं की म्हणायचा, आधी तू घे. आणि ती त्याच्याच ताटातला घास मोडून खायची, मग तो जेवायचा. लग्नकार्यात पंगतीतसुद्धा. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. माझ्या संसारात मी या गोष्टीवरून नवऱ्याला टोमणे मारले आहेत, बघ माझा मामा कसा. हे सगळं मी मामीला सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काही फार मोठा विनोद केलाय.

"तुमी सगळी तेला पिरेम समजलात व्हय?" ती म्हणाली.

मग मला कळलं.

"मामंजी गेल्यावर तेरावा झाला, त्या दिवसापास्नं," ती सांगू लागली. "पैल्या दिवशी मला कळंना. मी लाजले. म्या म्हनलं, किती करत्यात. मी घास खाल्ला. हे नुसते बसून राहिले, माज्या तोंडाकडं बघत. जरा येळ गेल्यावर जेवले. दुसऱ्या दिवशी तसंच. आंबट काय असलं की जास्ती येळ बघायचे. तवा उमगलं. वाईट न्हवते गं ते. मारलं न्हाय कदी, बोलले बी न्हाय. शेवटाला हास्पिटलात पेज भरवायला गेले, तर बोलता यीना, तरी हातानं खुनावलं. आदी तू."

मी म्हणाले, "मी त्याला सांगितलं असतं तर..."

"तर एक डाव तरी गरम जेवले असते," मामी म्हणाली.

दुपार झाली तशी ती उठली. मी म्हटलं, मी स्वयंपाक करते, तू बस. तिने ऐकलं नाही. मला बाहेर बसवलं. भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहिला, पलीकडच्या घरातला जावई निघाला असावा, तिथे तेलुगूत निरोप चालले होते. गंज तसाच फरशीवर होता. ऊन सरकून आता त्याच्यावर नव्हतं. मी तो मागणार होते, नाशिकला नेण्यासाठी, पण मागायचा मला काय हक्क होता? शिवाय त्यात तिचं खरेपण होतं. ते तिच्याचजवळ राहायला हवं. दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी निघाले, ते मी इथेच सांगून टाकते. निघताना ती दारापर्यंत आली. पुन्हा ये म्हणाली नाही.

तर, शुक्रवारची दुपार. तिने दोन ताटं वाढली. आल्यापासून आम्ही दोघी प्रथमच एकत्र जेवायला बसत होतो. पहिल्या रात्री मी न जेवताच झोपले होते, आदल्या दिवशी बाहेरच काहीबाही खाल्लं होतं. मऊ भाकरी, वांग्याची भाजी, चिंच घातलेली आमटी. माझं ताट तिने माझ्यापुढे सरकवलं, आणि मी हात पुढे करायच्या आत तिच्या बोटांनी माझ्याच ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला.

"मामी, नको," मी तिचा हात धरला. "माझ्यासमोर तरी नको. आधी मी घेते."

तिने हात सोडवून घेतला. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. तिला समजलंसुद्धा नव्हतं. तोंडात घास होता म्हणून तिने मानेनेच मला थांब अशी खूण केली. सावकाश चावला, गिळला. मग हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत ती थोडा वेळ बसून राहिली, आणि तिच्याबरोबर मीही, ताटाला हात न लावता.

"हं," ती म्हणाली. "जेव आता."